मूठभर अक्षरे, लांबलचक शब्द

दिलेल्या अक्षरांतून जास्तीत जास्त लांबीचा इंग्रजी शब्द शोधून काढणे हा वरकरणी निव्वळ करमणुकीचा विषय वाटतो. वृत्तपत्रांतील कोडी, स्क्रॅबलचा पट, दूरचित्रवाणीवरील स्पर्धा आणि मोबाइलवरचे शब्दखेळ या सर्वांच्या मुळाशी हाच एक प्रश्न आहे. फ्रान्समध्ये १९६५ साली ज्या कार्यक्रमाने ही स्पर्धा दूरचित्रवाणीवर आणली, त्याचे नावच मुळी ‘सर्वांत लांब शब्द’ अशा अर्थाचे होते. पुढे आकडेमोडीच्या कोड्यांची जोड मिळाली आणि तो ‘दे शिफ्र ए दे लेत्र’, म्हणजे ‘आकडे आणि अक्षरे’, या नावाने गाजला. त्याच धर्तीवरचा ‘काउंटडाउन’ हा कार्यक्रम ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाला. चॅनेल फोर या वाहिनीचे प्रसारण त्याच दिवशी सुरू झाले आणि त्यातला पहिला कार्यक्रम हाच होता. स्पर्धकासमोर नऊ अक्षरे आणि हाती तीस सेकंद, एवढेच त्याचे स्वरूप.

नऊ निरनिराळी अक्षरे एका ओळीत ३ लाख ६२ हजार ८८० प्रकारे मांडता येतात. तीस सेकंदांत त्यांतील शंभर मांडण्याही कोणी मनात तपासू शकत नाही. तरीही सरावलेला स्पर्धक नऊ अक्षरी शब्द पाहता पाहता सांगतो. याचा अर्थ उघड आहे. तो अक्षरे उलटीपालटी करून पाहत नाही. तो शब्दांचे ठरलेले तुकडे ओळखतो. इंग्रजीतील लांब शब्द हा सुट्या अक्षरांचा ढीग नसून उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांची जोडणी असतो. हे एकदा ध्यानात आले, की इंग्रजी वातावरणात वाढलेल्यांनाच हा खेळ जमतो, हा आपल्याकडील सार्वत्रिक समज टिकत नाही. पण त्याआधी दोन गोष्टी निश्चित कराव्या लागतात. प्रश्न नेमका कोणता आहे आणि ‘शब्द’ कशाला म्हणायचे.

प्रश्न एक, अर्थ चार

‘ही अक्षरे असलेला लांब शब्द सांगा’ या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात.

पहिल्या प्रकारात फक्त दिलेली अक्षरेच वापरायची असतात आणि जे अक्षर जितक्या वेळा दिले असेल तितक्याच वेळा घ्यायचे असते. काउंटडाउन आणि स्क्रॅबल या प्रकारात मोडतात. येथे शब्दाची लांबी दिलेल्या अक्षरांच्या संख्येपलीकडे जाऊ शकत नाही.

दुसऱ्या प्रकारात अक्षरे दिलेलीच वापरायची, पण एकच अक्षर हवे तितक्या वेळा घेण्याची मुभा असते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा ‘स्पेलिंग बी’ हा खेळ असा आहे. तो २०१४ पासून छापील अंकात आणि २०१८ पासून डिजिटल स्वरूपात येत आहे. त्यात सात अक्षरे दिली जातात, मधले अक्षर प्रत्येक शब्दात यावेच लागते आणि चारपेक्षा कमी अक्षरांचा शब्द धरला जात नाही. सातही अक्षरे ज्यात आली तो ‘पॅनग्राम’. टंकलेखन यंत्राच्या अक्षरांच्या वरच्या ओळीतील दहा अक्षरांतून बनणारा लांब शब्द कोणता, हे जुने कोडेही याच जातीचे. त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर ‘टाइपरायटर’ हे आहे आणि ते दहा अक्षरी आहे. ‘प्रोप्रायटर’ आणि ‘पर्पेच्युइटी’ हे शब्दही त्याच ओळीवर, तितक्याच लांबीचे बसतात. डाव्या हाताच्या बोटांखाली येणाऱ्या अक्षरांतून ‘स्ट्युअर्डेसेस’ हा बारा अक्षरी शब्द होतो.

तिसऱ्या प्रकारात दिलेली अक्षरे शब्दात असलीच पाहिजेत, पण त्यांच्या जोडीला बाहेरची अक्षरे चालतात. येथे लांबीला मर्यादा नसते. म्हणून हा प्रकार सर्वांत सोपाही आहे आणि सर्वांत फसवाही.

चौथ्या प्रकारात अक्षरे दिलेल्या क्रमानेच यावी लागतात. ती एकमेकांना लागून यावीत की मध्ये अंतर चालेल, हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. इंग्रजी भाषक देशांत लांबच्या प्रवासात समोरच्या मोटारीच्या क्रमांकातील अक्षरे घेऊन शब्द करण्याचा खेळ खेळतात तो हाच. महाराष्ट्रात नोंदलेल्या बहुतेक वाहनांच्या क्रमांकाची सुरुवात एम आणि एच या अक्षरांनी होते. पुढे डी आणि ई अशी मालिका आली, तर एम, एच, डी, ई ही अक्षरे याच क्रमाने ज्यात येतात असा ‘मेथॉडिकलनेस’, म्हणजे ‘पद्धतशीरपणा’, हा चौदा अक्षरी शब्द सापडतो.

प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे हे न ठरवताच शोध सुरू केला, की वेळ वाया जातो. पहिल्या प्रकारात उपलब्ध अक्षरांचा हिशेब महत्त्वाचा, दुसऱ्यात कोणती अक्षरे दुहेरी येतात याचे भान, तिसऱ्यात शब्द लांबविण्याची युक्ती आणि चौथ्यात अक्षरांचा क्रम.

शब्द कशाला म्हणायचे?

इंग्रजीत एकूण शब्द किती, याला एकच एक उत्तर नाही. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीचे वीस खंड होते आणि तीत सुमारे २ लाख ९१ हजार नोंदी होत्या. नोंदींत शब्दांची सर्व रूपे मोजली जात नाहीत. खेळासाठीच्या याद्यांत मात्र अनेकवचन, भूतकाळ अशी रूपे सुटी मोजतात. भारतासह बहुतांश देशांत इंग्रजी स्क्रॅबलच्या स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर खेळल्या जातात. तिच्या २०२१ च्या आवृत्तीत सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. उत्तर अमेरिकेतील यादी वेगळी आणि तुलनेने लहान आहे. त्यामुळे एकच शब्द एका पटावर ग्राह्य आणि दुसऱ्या पटावर बाद ठरू शकतो. ‘प्राणशक्ती’ या अर्थाचा क्यू आणि आय या दोन अक्षरांचा चिनी मूळचा शब्द अमेरिकी यादीत २००६ साली आला. तोवर यूशिवाय आलेला क्यू हाती असलेला खेळाडू अनेकदा अडकून पडत असे.

संगणकावर शब्द शोधणाऱ्यांचा मूळ आधार वेगळाच होता. वेबस्टरच्या १९३४ मधील मोठ्या कोशातील सुमारे २ लाख ३४ हजार शब्दांची यादी अनेक युनिक्स संगणकांवर साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवलेली असे. तीत जुनाट, प्रादेशिक आणि आज कोणी न वापरणारे असंख्य शब्द आहेत. अशा यादीतून सापडलेला शब्द खरा असतो; पण तो आजचा असतोच असे नाही. त्यामुळे कोणत्याही ‘सर्वांत लांब’ शब्दाच्या दाव्यापुढे ‘कोणत्या यादीनुसार?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आधी शेपूट, मग धड

आता प्रत्यक्ष रीत पाहू. समजा, ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू ही नऊ अक्षरे मिळाली. प्रथम स्वर आणि व्यंजने वेगळी करावीत. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर येथे आहेत. व्यंजने चारच, सी, डी, एन, टी. त्यानंतर शब्दाचा शेवट शोधावा. इंग्रजीत लांब शब्दांचे शेवट मोजकेच आणि ठरीव असतात. आय-एन-जी, ई-डी, टी-आय-ओ-एन, एम-ई-एन-टी, एन-ई-एस-एस, ए-बी-एल-ई, आय-टी-वाय, ओ-यू-एस हे त्यांतले नेहमीचे.

आपल्या नऊ अक्षरांत जी नाही, म्हणून आय-एन-जी बाद. एम नाही, म्हणून एम-ई-एन-टी बाद. टी-आय-ओ-एन मात्र पूर्ण जमते. ते बाजूला काढले की ए, सी, डी, ई, यू उरतात. या शेवटाच्या आधी पुष्कळदा ए येतो, म्हणून तोही त्याला जोडावा. उरली सी, डी, ई, यू. त्यांची मांडणी ई-डी-यू-सी अशी केली, की ‘एज्युकेशन’ हा नऊ अक्षरी शब्द तयार होतो.

शोध येथे थांबत नाही. याच अक्षरांत ई-डी हा भूतकाळाचा शेवटही आहे. तो बाजूला काढला तर ए, सी, आय, एन, ओ, टी, यू ही सात अक्षरे उरतात. त्यांतून पुन्हा टी-आय-ओ-एन काढले की ए, सी, यू एवढीच तीन उरतात. त्यांची मांडणी ए-यू-सी केली तर ‘ऑक्शन’, म्हणजे लिलाव. सी-ए-यू केली तर ‘कॉशन’, म्हणजे सावधगिरीची सूचना. दोघांना ई-डी जोडले की ‘ऑक्शन्ड’ आणि ‘कॉशन्ड’ हे आणखी दोन नऊ अक्षरी शब्द मिळतात. साडेतीन लाखांवर मांडण्यांतून तीन उत्तरे निघाली, आणि त्यासाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच पायऱ्या लागल्या.

प्रत्येक वेळी शेपूट हाती लागतेच असे नाही. ए, सी, ई, एच, ओ, आर, आर, एस, टी या अक्षरांत वर दिलेल्यांपैकी एकही शेवट जमत नाही. अशा वेळी दोन लहान शब्दांची जोडी शोधावी. ‘कार्ट’ म्हणजे गाडा आणि ‘हॉर्स’ म्हणजे घोडा हे दोन्ही येथे आहेत; त्यांचा ‘कार्टहॉर्स’, म्हणजे गाडा ओढणारा घोडा, असा जोडशब्द होतो. याच नऊ अक्षरांतून ‘ऑर्केस्ट्रा’ हा वाद्यवृंदाचा शब्दही बनतो. तो ग्रीकमधून आलेला असल्यामुळे इंग्रजी प्रत्ययांच्या साच्यात बसत नाही. असे शब्द नजरेत असावे लागतात. त्यांना युक्ती पुरी पडत नाही.

अक्षरांत स्वरांचा किंवा व्यंजनांचा फार भरणा झाला तरी निराश होण्याचे कारण नाही. ‘स्ट्रेंग्थ्स’ या नऊ अक्षरी शब्दात स्वर एकच आहे. ‘ऱ्हिदम्स’ या सात अक्षरी शब्दात पाचांपैकी एकही स्वर नाही; तेथे वायने स्वराचे काम केले आहे. उलट ‘रांग लावणे’ या अर्थाच्या ‘क्यूइंग’ या शब्दाच्या आठ अक्षरी लेखनात यू, ई, यू, ई, आय असे पाच स्वर सलग येतात.

दुर्मीळ अक्षर आधी

दिलेली सर्व अक्षरे शब्दात आलीच पाहिजेत, अशी अट असेल तेव्हा शोधाची सुरुवात सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून करावी. इंग्रजी मजकुरात ई सर्वांत जास्त वेळा येतो. जे, क्यू, एक्स आणि झेड फार क्वचित येतात. अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात ज्या खेळाची जुळणी केली आणि जेम्स ब्रुनो यांनी १९४८ साली ज्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले, त्याची सारी रचनाच या वस्तुस्थितीवर उभी आहे. बट्स यांनी वृत्तपत्रांतील मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजले आणि त्यावरून शंभर सोंगट्यांची वाटणी ठरवली. त्यांत ई बारा आहेत; जे, के, क्यू, एक्स आणि झेड प्रत्येकी एकच. ईला एक गुण, तर क्यू आणि झेडला दहा. एसने जवळपास कोणत्याही नामाचे अनेकवचन होते. पण तो भाषेत कितीही वारंवार येत असला तरी खेळात चारच ठेवला आहे. शब्द लांबविण्याची ती फार सोपी वाट होऊ नये, हा त्यामागील विचार.

समजा, जे आणि एक्स ही दोन्ही अक्षरे असलेला लांब शब्द हवा आहे. दोन्ही दुर्मीळ असल्यामुळे उमेदवार फारच थोडे. ‘शेजारी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला ‘जक्स्टा’ हा तुकडा आठवला की काम झाले. त्यापासून ‘जक्स्टापोझिशन’, म्हणजे दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडणे, हा तेरा अक्षरी शब्द मिळतो. त्याचे अनेकवचन चौदा अक्षरी. जे आणि क्यू दिले असतील तर ‘जाँक्विल’ या फुलाचे नाव सापडते. क्यू आणि एक्स असतील तर ‘एक्स्क्विझिट’ किंवा ‘क्विक्सॉटिक’. अक्षर जितके दुर्मीळ, तितके ते शोधाचे क्षेत्र आकुंचित करते. नवशिक्याला झेड किंवा क्यू हे संकट वाटते. जाणकाराला तो पत्ता वाटतो.

क्रमाची गंमत

क्रमाने येणाऱ्या अक्षरांच्या शोधात इंग्रजीने काही सुंदर नमुने दिले आहेत. ‘फॅसिशस’, म्हणजे थट्टेखोर, आणि ‘अॅबस्टीमिअस’, म्हणजे मिताहारी, या शब्दांत ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर वर्णमालेच्या क्रमाने एकेकदाच येतात. ‘सबकॉन्टिनेंटल’, म्हणजे उपखंडासंबंधी, या चौदा अक्षरी शब्दात तेच पाच स्वर नेमके उलट क्रमाने येतात. वर्णमालेतील आर, एस, टी, यू ही लागोपाठची चार अक्षरे ‘अंडरस्टडी’ या शब्दात सलग आहेत. नाटकात ऐनवेळी मुख्य नटाची जागा घेण्यासाठी तयार ठेवलेल्या नटाला हा शब्द आहे. एक्स, वाय, झेड ही शेवटची तीन अक्षरे सलग असलेला शब्द रोजच्या भाषेत सापडत नाही. खाजेवर दिल्या जाणाऱ्या ‘हायड्रॉक्सिझिन’ या औषधाच्या नावात मात्र ती तशीच्या तशी आढळतात.

एकही अक्षर दुसऱ्यांदा न येणारे लांब शब्दही विरळा. त्यांत पंधरा अक्षरी ‘अनकॉपीराइटेबल’ आणि बोटांच्या ठशांवरील रेषांच्या अभ्यासाला दिलेले ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हे नाव प्रसिद्ध आहेत. या प्रकारच्या संशोधनाला शिस्त आणण्याचे श्रेय दिमित्री बोर्गमन यांच्याकडे जाते. त्यांचे ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ हे पुस्तक १९६५ साली निघाले. शब्दांच्या रचनेला वाहिलेले ‘वर्ड वेज’ हे नियतकालिक १९६८ साली सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले संपादकही तेच होते. त्या काळी हा शोध कोशांची पाने उलटून, हाताने चालत असे.

संगणक काय करतो?

जे काम माणसाला आयुष्यभर पुरले असते, ते संगणक क्षणात करतो. तोही मांडण्या तपासत बसत नाही. पहिल्या प्रकारच्या प्रश्नासाठी प्रत्येक शब्दातील अक्षरे वर्णक्रमाने लावून त्या शब्दाची ‘ओळख’ तयार केली जाते. ‘स्टॉप’, ‘स्पॉट’, ‘पोस्ट’, ‘पॉट्स’, ‘टॉप्स’ आणि ‘ऑप्ट्स’ या सहाही शब्दांची ओळख ओ, पी, एस, टी अशी एकच येते. एकदा सारा कोश या रीतीने लावून ठेवला, की दिलेली अक्षरे वर्णक्रमाने लावायची आणि त्या ओळखीखालचे शब्द वाचायचे. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या पुस्तकामुळे ही युक्ती प्रोग्रामरांच्या पिढ्यांना परिचित झाली. स्क्रॅबलचे खेळाडूही हीच सवय लावून घेतात. हातातील अक्षरे ते आधी वर्णक्रमाने लावतात. ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी ओळ दिसली की ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’, ‘नॅस्टिअर’, ‘स्टेनर’ हे सात अक्षरी शब्द त्यांच्या जिभेवर तयार असतात. सातही अक्षरे एका खेळीत लावल्यास पन्नास गुण अधिक मिळतात, म्हणून ही मेहनत.

तिसऱ्या प्रकारासाठी प्रत्येक शब्दाला सव्वीस खुणांची पट्टी दिली जाते. जे अक्षर शब्दात आहे त्याच्या घरात एक, नसेल तेथे शून्य. हव्या असलेल्या अक्षरांची पट्टी शब्दाच्या पट्टीत सामावते की नाही, हे संगणक एका क्रियेत तपासतो. चौथ्या प्रकारासाठी युनिक्सवर १९७३ पासून ‘ग्रेप’ नावाची आज्ञा आहे. ‘आधी एम, मग काहीही, मग एच’ असा साचा तिला दिला की यादीतील तसे सर्व शब्द समोर येतात. स्क्रॅबल खेळणाऱ्या प्रोग्रामसाठी अँड्र्यू अॅपल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ साली आणखी नेमकी रीत मांडली. तीत समान सुरुवाती आणि समान शेवट एकत्र करून साराच कोश एका जाळ्यात गुंफला जातो. सुमारे ९४ हजार शब्दांचा कोश त्यांनी असा आटोपशीर बसवला. गंमत अशी, की यंत्रानेही शेवटी शब्दांच्या समान सुरुवाती आणि समान शेपट्या यांचाच आधार घेतला.

लांबीचा मोह

तिसऱ्या प्रकारात लांबीला मर्यादा नसल्यामुळे येथे मोह फार. ‘सर्वांत लांब शब्द’ म्हणून सांगितला जाणारा पंचेचाळीस अक्षरी शब्द ‘न्यूमोनो’पासून सुरू होतो आणि ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिका धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराचे नाव म्हणून दिला जातो. प्रत्यक्षात तो अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली मुद्दाम लांब शब्द म्हणून बनविला होता. वृत्तपत्रांतून तो पसरला आणि कोशांत शिरला. वैद्यकशास्त्राला त्याची गरज नव्हती. त्या विकारासाठी ‘सिलिकोसिस’ हा शब्द पुरेसा आहे.

यापेक्षा गंभीर धोकाही आहे. शेक्सपिअरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात सत्तावीस अक्षरी एक लॅटिन शब्द येतो; त्यात व्यंजन आणि स्वर आळीपाळीने येतात. शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली असे मानणाऱ्या सर एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी १९१० साली या शब्दातील अक्षरे फिरवून, ही नाटके बेकनची अपत्ये आहेत, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य तयार केले आणि तो पुरावा म्हणून मांडला. साहित्याच्या अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही. सत्तावीस अक्षरे हाती असतील आणि हवे ते शोधण्याची इच्छा प्रबळ असेल, तर काहीतरी सापडतेच. अक्षरे जुळणे आणि अर्थ सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शब्द सापडणे आणि भाषा येणे

हा भेद न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांच्या उदाहरणाने ठळक होतो. इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेतेपद अनेकदा मिळविणाऱ्या रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच भाषेतील जागतिक स्पर्धा जिंकली. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. काही आठवडे त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ साली स्पॅनिश भाषेतील जागतिक स्पर्धाही त्यांनी स्पॅनिश न येता जिंकली. म्हणजे शब्द सापडण्यासाठी भाषा यावीच लागते असे नाही. आणि शब्द सापडला म्हणजे भाषा आली, असेही नाही.

रिचर्ड्स यांच्यासारखी स्मरणशक्ती विरळाच. सामान्य माणसासाठी तुकड्यांची वाटच खरी, आणि तीत मराठी माणूस वाटतो तितका मागे नाही. एक अडचण मात्र त्याला आधी ओलांडावी लागते. मराठीत अक्षर हा शब्दाचा घटक मात्रा-वेलांटीसह धरला जातो. मराठी शब्दकोड्याच्या एका चौकोनात ‘का’ किंवा ‘स्त्री’ पूर्ण बसते. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटसुलट सारखे वाचता येते ते याच हिशेबाने. रोमन लिपीत लिहिले तर तसे होत नाही. इंग्रजीत स्वर आणि व्यंजन यांची घरे वेगळी. उच्चार बाजूला ठेवून केवळ लेखनाकडे पाहण्याची सवय करावी लागते.

ती झाली, की शाळेत शिकलेले व्याकरण कामास येते. ‘अपरिहार्यता’ हा शब्द अ, परि, हार्य आणि ता अशा तुकड्यांत सोडवण्याचे शिक्षण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मिळालेले असते. ‘अनकॅरेक्टरिस्टिकली’ हा वीस अक्षरी शब्द सोडवण्याची रीत वेगळी नाही. आरंभी नकाराचा ‘अन’, मध्ये ‘कॅरेक्टर’ हे मूळ, त्यापुढे विशेषण करणारे प्रत्यय आणि शेवटी क्रियाविशेषणाचा प्रत्यय. उपसर्ग आणि प्रत्यय ओळखण्याची जी नजर संस्कृतप्रचुर मराठीने दिली, तीच येथे चालते. फक्त तुकड्यांचा साठा नवा करावा लागतो, आणि तो साठा फार मोठा नाही. पंचवीस-तीस शेवट आणि तितकेच आरंभ वहीत लिहून काढले, तर बहुतेक लांब शब्दांची दारे उघडतात.

या वाटेने गेलेल्याला आणखी एक लाभ होतो. केवळ अक्षरे जुळवून सापडलेला शब्द खेळ संपला की विसरला जातो. तुकड्यांतून सापडलेला शब्द आपला अर्थ सोबत घेऊन येतो आणि त्याच कुळातील आणखी चार शब्दांची ओळख करून देतो. संगणक लांबातला लांब शब्द क्षणात समोर ठेवील. पण तो शब्द कोणत्या तुकड्यांनी बनला आणि त्याचा अर्थ काय, हे जाणून घेणाऱ्याच्याच पदरी तो कायमचा पडतो.